मुद्दाम बिघडवलेले फोटो

निशांतने मधुकर साळवेला फसवलं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणाचा गैरसमज नको. निशांतचं आडनावही मी लिहिलं होतं, पण पुरवणीच्या संपादिकाबाईंनी ते काढायला लावलं. ठीक आहे, ज्याला कळायचं त्याला कळेल. खरं तर मी हे मधूच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातच बोलणार होतो. त्रिशरण-पंचशील झालं, दोघातिघांची भाषणं झाली, निशांतही बोलला, आणि चांगलं बोलला. मग मी उठून माइकपर्यंत गेलो, तर मीनावहिनींनी, म्हणजे मधूच्या बायकोने, जागेवरूनच हात जोडले. "दत्ताभाऊ, आज नको." त्या बाईंनी माझ्याकडे आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. मी परत येऊन खुर्चीत बसलो. तेव्हाचं तोंडात राहिलेलं आता कागदावर उतरवतोय.

मधू गेल्याची बातमी मला वाशिमहून आली. मी घाटकोपरला, तो मुलुंडला, मध्ये जेमतेम चार-पाच स्टेशनं, आणि बातमी आली वाशिमहून. माझं घाटकोपरला जुन्या कॅमेऱ्यांचं आणि लेन्सचं दुकान आहे. शटर वर करत होतो तर फोन. एक बाई, आवाज घाबरलेला. "सरांनी काल सांगितलं होतं, सकाळी उत्तर देतो. अजून आलं नाही. ते असं कधी करत नाहीत. बरे आहेत ना?" मला रागच आला. म्हटलं, "बाई, माणूस आंघोळीला गेला असेल, भाजी आणायला गेला असेल, तुमच्या एका फोटोसाठी काय त्याने..." पण फोन ठेवल्यावर चैन पडेना. मधूच्या घरी लावला तर शेजाऱ्यांनी उचलला. पहाटेच गेला होता. किडन्या बरेच दिवस साथ देत नव्हत्या, आम्हाला सगळ्यांना कल्पना होती. तरी ज्या बाईने त्याला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं, तिला आमच्या आधी चाहूल लागली, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

माझी आणि त्याची ओळख भांडणातून झाली. मी कणकवलीकडून आलो तो फोर्टच्या फुटपाथवर घड्याळाचे सेल विकत उभा राहिलो. तिथून दुकानापर्यंत आलो ते तोंडाच्या जोरावर. गिऱ्हाईक दुकानात शिरताना बघूनच मला कळतं की हा कितीपर्यंत येईल. तर एकदा एक कॉलेजची मुलगी लेन्स बघत होती, सौदा अगदी ठरतच आला होता, आणि बाजूला उभा असलेला एक चष्मेवाला गृहस्थ तिला म्हणाला, "बाळ, तुझ्या फोटोत काय बिघडतंय ते दाखव बरं आधी." तिने फोनमध्ये दाखवलं. घरातल्या मांजरीचे फोटो, सगळे हललेले. त्याने तिला दुकानाच्या दाराशी उजेडात नेलं, माझ्याच काउंटरवरची माझीच पाण्याची बाटली नेऊन ठेवली, दोन-चार फोटो काढायला लावले आणि म्हणाला, "बघ, आले ना नीट? मांजरीला खिडकीजवळ बोलव. लेन्स नको घेऊस." मुलगी थँक्यू म्हणून निघून गेली. मी काउंटरवरून ओरडलो, "ओ साहेब, माझ्या दुकानात उभं राहून माझंच गिऱ्हाईक पळवताय?" तो शांतपणे म्हणाला, "पळवलं नाही हो. तिला लेन्स लागली असती तर मीच घ्यायला लावली असती." मग म्हणाला, "चहा मागवा, तुमचा राग उतरेपर्यंत थांबतो." मी कधी कुणासाठी चहा मागवत नाही. त्या दिवशी मागवला, केवळ हा माणूस काय प्रकार आहे ते बघायला.

प्रकार असा होता. मधू एका विमा कंपनीतून निवृत्त झालेला. आयुष्यभर जळलेली गोदामं, चेपलेल्या गाड्या, पाणी शिरलेली दुकानं यांचे फोटो तपासायचं काम. निवृत्त झाल्यावर त्याने इंटरनेटवर एक ग्रुप काढला, 'बिघडलेला फोटो' नावाचा. कुणीही यावं, कुणीही विचारावं. नियम एकच, चांगला फोटो टाकायचा नाही. फसलेला टाकायचा आणि काय काढायचं होतं ते सांगायचं. सूर्यास्त, मोर, नवरा-नवरीचे चकचकीत फोटो कुणी टाकले की मधू नम्रपणे लिहायचा, "छान आहे, पण इथे याचं काही काम नाही." हळूहळू कुठून कुठून माणसं येत गेली. गोरेगावच्या एका टॉवरचा वॉचमन होता. मागे काचेची इमारत चमकते आणि सेल्फीत तोंड काळं येतं, गावी बायको विचारते, किती काळे झालात! सातपाटीची एक कोळीण होती, तिच्या मासळीच्या फोटोत मासळी सोडून नुसता बर्फ दिसायचा.

आता मधू उत्तर कसं द्यायचा ते ऐका, कारण सगळं घोडं तिथेच अडलेलं आहे. कुणी फसलेला फोटो टाकला की हा लगेच उत्तर लिहायचा नाही. आधी स्वतः तसाच फसलेला फोटो काढायचा. अगदी तसाच. तसं घर, तसा दिवा, तशीच चूक. ती जमली की आपला बिघडलेला फोटो त्यांच्या फोटोशेजारी लावायचा आणि लिहायचा, "माझाही असाच आला. मग मी असं केलं..." आणि खाली तिसरा फोटो, सुधारलेला. मी म्हणायचो, "अरे येड्या, तुला चूक काय ते बघताक्षणी कळतं. दोन ओळी लिही आणि मोकळा हो." तर म्हणायचा, "मला काय चुकलं ते कळतं रे. ती चूक करताना माणूस कुठे उभा होता, ते कळत नाही. ते तिथे जाऊन उभं राहिल्याशिवाय दिसत नाही."

वाशिमच्या ज्या बाईंचा फोन आला, त्यांचंच बघा. त्या ब्लाउज शिवतात, फोटो पाठवून ऑर्डर घेतात. त्यांची तक्रार अशी की लाल कापडाचा फोटो काढला की नुसता लाल ठिपका येतो, विणकाम, बुट्टी काही दिसत नाही, गिऱ्हाईक म्हणतं कापड साधं आहे. मी त्या रविवारी मुलुंडला मधूकडे जेवायला गेलो होतो. जेवण राहिलं बाजूला. वहिनींची लग्नातली लाल साडी कपाटातून निघाली. खोली अंधारी केली, ट्यूबलाइट लावली. वहिनी म्हणाल्या, "मी नाही बाई अंगावर घेणार, मागच्या वेळी तुम्ही माझं नाक कापलंत त्या फोटोत." मग मधूने माझ्याकडे बघितलं.

"दत्ता, उभा राहा."

"मेल्या, मी काय साडी नेसू?"

"नेसू नकोस. खांद्यावर घे नुसती."

"हा फोटो जगभर जाणार, माहिती आहे ना? माझी घाटकोपरला इज्जत आहे."

"चेहरा कापतो तुझा. तेही एक चुकीचं उदाहरण होईल."

मी लाल साडी खांद्यावर घेऊन भिंतीला टेकून उभा, वहिनी पदर तोंडाला लावून हसतायत, आणि हा ट्यूबखाली, ट्यूबच्या बाजूला, जवळून, लांबून फोटो काढतोय, चूक काही जमेना. शेवटी म्हणाला, "सापडलं. त्या टेबलावर कापड अंथरून वरून काढतात, स्वतःचीच सावली पडते आणि फोन उजेड वाढवतो." साडी जमिनीवर अंथरली, वर वाकला, आणि झकास बिघडलेला फोटो आला. हुबेहूब लाल ठिपका. मग साडी खिडकीशी नेली, ऊन थेट पडणार नाही अशी, फोनच्या पडद्यावर कापडावरच बोट टेकवून उजेड थोडा कमी केला, आणि एकेक बुट्टी मोजून घ्यावी अशी दिसायला लागली. त्या बिघडलेल्या फोटोवर मधू जितका खूश झाला, तितका नीट आलेल्यावर झाला नाही. हे मी बघत होतो. आमटी गार झाली होती.

मला या माणसाचं कोडं सुटायचं नाही. मी दुकानदार. माझ्या हिशोबात कुणी कुणाला काही देतो तेव्हा त्याच्या मनात काहीतरी असतं. नाव हवं असतं, ओळख हवी असते, पुढेमागे काम निघेल ही आशा असते. मी चार प्रकारे टोचून बघितलं. त्याला म्हटलं, तुझ्या नावाने क्लास काढ, जागा मी देतो. नको म्हणाला. म्हटलं, निदान उत्तराखाली पूर्ण नाव लिही. तो 'मधू, मुलुंड' एवढंच लिहायचा. मी चिडून म्हणायचो, "फुकट दिलंस की लोक किंमत ठेवत नाहीत." तर म्हणायचा, "किंमत नको ठेवूदेत. फोटो नीट येऊदे."

एकदाच त्याने आपणहून काहीतरी सांगितलं. भांडुपच्या पंपिंग स्टेशनकडे फ्लेमिंगो बघायला गेलो होतो, ओहोटीची वाट बघत बसलो होतो. म्हणाला, "नोकरीत असताना एका बाईचं किराणा दुकान पाण्यात गेलं. तिने फोटो दिले. फ्लॅश मारून काढलेले, पाणी सगळं पांढरं, काही दिसत नव्हतं. मी शेरा मारला, नुकसान स्पष्ट होत नाही. नियमाने बरोबर होतं. शेजारच्या दुकानदाराचा भाचा फोटोग्राफर होता, त्याचा दावा पास झाला." मग समोरच्या चिखलाकडे बघत म्हणाला, "पाणी दोघांच्याही दुकानात तेवढंच होतं रे."

म्हणजे हे कारण, असं मला तेव्हा वाटलं. कोडं सुटल्यासारखं हायसंही वाटलं. पण आता विचार करतो तर पटत नाही. त्या बाईचं ओझं असतं तर चेहरा तसा दिसला असता. बिघडलेला फोटो जमला की मधूचा चेहरा दुसऱ्याचा पतंग काटलेल्या पोरासारखा व्हायचा. वहिनींना परवा विचारलं, तर म्हणाल्या, "अहो, त्यांना लोकांच्या घरात डोकवायला आवडायचं. कुणाची चूल कुठे, खिडकी कुठे, देव कुठे ठेवलेत. दुसऱ्याच्या घरात शिरायची ही त्यांची तऱ्हा." असेल. दोन्ही असेल. अजून तिसरंही काही असेल, जे आता कळणार नाही.

निशांतही तिथेच, भांडुपला भेटला. अंधेरीचा, तिशीतला, आधी कुठल्यातरी जाहिरात कंपनीत होता. मोठी लेन्स घेऊन आलेला, माझ्याच दुकानातून नेलेली. पट्ठ्याने इतकी घासाघीस केली होती की मला तो तेव्हाच आवडला होता. लेन्स मोठी, पण पक्षी एकही नीट येईना. मधूने त्याच्या शेजारी बसून आधी आपल्या कॅमेऱ्यात तसेच पुसट पक्षी काढले, मग त्याला दाखवलं. उन्हाने तापलेल्या चिखलावरून हवा थरथरते, लेन्सचा दोष नाही, सकाळी लवकर ये. त्या दिवसापासून निशांत त्याला चिकटला. सर सर करत मुलुंडच्या घरी यायचा, वहिनींच्या हातची भाकरी खायचा, ग्रुपचं तांत्रिक काम बघायचा. खोटं का बोला, कामाचा पोरगा होता.

मधूचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा त्याने ग्रुपच्या किल्ल्या निशांतकडे दिल्या. मी समोर होतो. मधू पलंगावर, उशाशी फोन, हाताला पट्टी. म्हणाला, "निशांत, उत्तरं कुणीही देऊदे, माझी पद्धत ठेवा असंही म्हणत नाही. फक्त दार उघडं ठेव. विचारणाऱ्याला आत यायला काही लागू नये." निशांत त्याचा हात धरून म्हणाला, "सर, टेन्शन नका घेऊ. आहे तसंच चालणार." मला ते वाक्य जसंच्या तसं आठवतं, कारण सौद्यात समोरचा काय शब्द वापरतो ते मी कधी विसरत नाही. आहे तसंच.

मधूला जाऊन आठवडाही झाला नव्हता, आणि ग्रुप बंद. म्हणजे दिसतो, पण आत जाता येत नाही. बाहेर पाटी, निशांतच्या कोर्सला प्रवेश घ्या, मग सरांचा संपूर्ण ठेवा खुला. आत ज्यांना शिरता आलं त्यांनी सांगितलं की मधूचे शब्द आहेत, लोकांचे फसलेले फोटोही आहेत, पण मधूचे बिघडलेले फोटो गायब. त्यांच्या जागी निशांतने काढलेले सुंदर फोटो. मी फोन लावला. माझं डोकं तापलेलं होतं, पहिली दोन वाक्यं इथे छापता येणार नाहीत. तो मात्र शांत.

"काका, ऐकून तर घ्या. फुकट दिलं की लोकांना किंमत नसते."

माझंच वाक्य, माझ्याच सुरात. पण त्या वाक्याला मधूने दिलेलं उत्तर मी ऐकलं होतं, निशांतने ऐकलं नव्हतं. ते मी त्याला ऐकवलं. तो म्हणाला, "सर मोठे होते काका. मला घर चालवायचंय."

"चालव ना! तुझा कोर्स काढ, तुझ्या नावाने विक, मी स्वतः गिऱ्हाईक पाठवतो. त्याची उत्तरं आत का कोंडलीस? आणि फोटो कुठायत?"

"काढून ठेवलेत. डिलीट नाही केले." मग आवाज खाली आला त्याचा. "काका, तुम्हीच सांगा, सरांच्या नावाखाली ते असले फोटो? हललेले, डोकं कापलेले, उजेडाने जळके. नवा माणूस बघेल तर म्हणेल, याला स्वतःलाच येत नव्हतं. मी सरांचं नाव जपतोय."

आणि गंमत सांगतो, इथे तो खोटं बोलत नव्हता. मला माणसाचा खोटा आवाज कळतो. त्याला खरोखरच लाज वाटत होती त्या फोटोंची. इतकी वर्षं मधूच्या घरी जेवला, आणि त्याला एवढं कळलं नाही की मधूचं काम ते बिघडलेले फोटोच होते. सुधारलेले फोटो कुणीही काढतं. मी वहिनींना विचारलं, मूळ फोटो मधूच्या फोनमध्ये आहेत का. त्यांनी शोधून बघितलं. नाहीत. ग्रुपवर टाकून झाला की तो लगेच पुसून टाकायचा, फोनमध्ये जागा नसायची म्हणून. म्हणजे आता ते फक्त निशांतकडे आहेत.

दार बंद झाल्यापासून लोक माझ्या दुकानात फोन करतात. मधू सगळ्यांना माझा नंबर देऊन ठेवायचा, "काही घ्यायचं असेल तर दत्ताला विचारा, पण शक्यतो घेऊ नका." परवा नाशिककडच्या एका अंगणवाडीच्या बाईंनी फोटो पाठवला. मुलं वजनकाट्यावर उभी आहेत, आणि काट्यावरचा आकडा चमकून पांढरा झालाय, असा फोटो वरच्या ऑफिसात पाठवला तर परत येतो. मला कारण लगेच कळलं, फ्लॅश. दोन शब्दांचं उत्तर. पण म्हटलं बघू तर. दुकानातला लेन्स तोलायचा काटा घेतला, फ्लॅश लावला, फोटो काढला. आकडा स्वच्छ दिसला. पुन्हा काढला, पुन्हा स्वच्छ. काटा हलव, दिवा बंद कर, खाली वाक... गिऱ्हाईक उभं, आणि मी काट्यासमोर उकिडवा. चूक येईना! चांगला फोटो काढायला मी तरुणपणीच शिकलो, पण दुसऱ्याची चूक काढायला येत नाही मला. मग लक्षात आलं, बाई उभ्या असतात, मूल काट्यावर, म्हणजे फोन बरोबर वरून, सरळ. तसा उभा राहिलो आणि आकडा पांढरा झाला. मी दुकानात एकटाच मोठ्याने हसलो. गिऱ्हाईक म्हणालं, "काय झालं, शेठ?" काय सांगणार? त्या क्षणी मी नाशिककडच्या एका अंगणवाडीत उभा होतो, पायाशी एक किरकिरणारं मूल होतं, आणि मधू हे रोज का करायचा ते मला थोडंसं, अगदी थोडंसं, कळल्यासारखं झालं. बाईंना लिहिलं, माझाही असाच आला, फ्लॅश बंद करा आणि फोन थोडा तिरका धरा. त्यांचं उत्तर आलं, "तुमचाही? मला वाटलं माझाच फोन भिकार."

आता निशांत, तुझ्याशी बोलतो. हा पेपर तुझ्या घरी येतो, मला माहीत आहे. मी जन्मभर घासाघीस केली, पण इथे करणार नाही, कारण ही वस्तू माझी नाही आणि तुझीही नाही. कोर्स खुशाल चालव. मधूच्या उत्तरांवरचं कुलूप काढ आणि ते हललेले, जळके, डोकं कापलेले फोटो जिथे होते तिथे, त्या लोकांच्या फोटोंशेजारी परत लाव. आणि हे फोनवर नको, मेसेजवर नको. माझ्या दुकानात ये. गोरेगावचा वॉचमन येतो म्हणालाय, सातपाटीची बाई येणार आहे, वाशिमहूनही कुणी निघालं तर तिकिटाचं मी बघतो. या लोकांनी आपले फसलेले फोटो मधूच्या भरवशावर चारचौघांत टाकले होते. तू मधूचे काढून घेतलेस आणि यांचे एकटे ठेवलेस. लाजच वाटत होती, तर फक्त त्याचेच का काढलेस? यांच्या डोळ्यांत बघून याचं उत्तर दे.